डाव्या अंगठ्यापाशी

रानीमनं बूट माझ्यापुढं ठेवले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
अत्तारीनच्या जुन्या बाजारातून आणलेत म्हणाली,
घासाघीस करून, नव्याच्या पाव किमतीला.
शुक्रीकाका, सांगा, चालतील?

मी कोच नाही. मी कोर्ट पुसतो.
एकतीस वर्षं, चार कोर्टं, पहाटे एकदा नि दुपारी एकदा,
अलेक्झांड्रियाचा ओला समुद्र लाकडावरून उचलतो फडक्यानं.
तरी बुटांचं मला विचारतात,
कारण काळे ओरखडे शेवटी
माझ्याच गुडघ्यांच्या वाट्याला येतात.

आधी तळवा. मधाच्या रंगाचा. ठीक.
काळा तळवा मी दारातूनच परत पाठवतो,
मंत्र्याचा भाचा असला तरी.
(होता एकदा. अनवाणी खेळला.)

मग रबरात नख रुतवलं. खूण उमटली
आणि सावकाश भरून आली.
म्हणजे जीव आहे अजून.
आमची खारी हवा रबराचं लाकूड करते,
तसले बूट कोर्टावर गप्प राहतात,
आणि गप्प बूट घसरतो.
चांगल्या बुटानं दर थांब्याला किंचाळलं पाहिजे,
बाजारात हात सुटलेल्या पोरासारखं.

टाच ठेंगणी. बरं झालं.
नजमीसाहेबांचे बूट धावण्याचे होते, ढगाएवढी टाच,
किंमत माझ्या दोन पगारांची.
दुसरा गेम, सात-पाच, मागच्या कोपऱ्यात
ते वळले, बूट वळला नाही,
घोटा बुटावरून खाली उतरला.
काकडी मोडल्यासारखा आवाज. मी बादली घेऊन बाहेर उभा होतो.

कड पिळून पाहिली, बोटांनी नि मग दातांनी;
रानीम हसली, पण शिवण अशीच कळते.
उजव्याच्या जिभेला कुणीतरी घरी टाके घातलेत,
निळ्या दोऱ्यानं, आईच्या हातचे वाटतात.

आणि मग डावा.

डाव्याच्या अंगठ्यापाशी, आतल्या बाजूला,
रबर झिजून झिजून कापड डोकावतंय.
म्हणजे पहिला मालक उजवं पाऊल पुढं टाकायचा,
नेहमी उजवंच, दोन्ही कोपऱ्यांत,
आणि डावा मागून फरफटत यायचा, शाळेला निघाल्यासारखा.
हा पाय मला माहीत आहे.
तीन नंबरचं कोर्ट, पुढचा डावा कोपरा,
कोयत्यासारखी वाकडी फिकट रेघ,
पाच वर्षं रोज पुसली मी ती.
एका उन्हाळ्यात ती उमटायची थांबली,
आणि मी कुणाला विचारलं नाही. फडक्याला एक काम कमी झालं, इतकंच.

अर्थात, अंगठा घासणारे बहुतेकच असतात.
बुटावर कुणाचं नाव नव्हतं.

विकणारा म्हणाला, फारसे वापरलेले नाहीत, रानीम म्हणाली.
तो खोटं बोलला, मी म्हटलं, पण बूट खरे आहेत.
आतला गादीतळ काढून फेक, दुसऱ्याच्या बोटांचे खड्डे आहेत त्यात.
डाव्याच्या नाकाला रबराची पट्टी डकव, चांभाराकडची, जाड.
दोन मोजे घालू नकोस, अर्धा नंबर लहान घे म्हणून
मी मागेच सांगितलं होतं.
रस्त्यावर एक पाऊलही नाही, पायऱ्यांपर्यंतसुद्धा नाही.
चार महिने. नशीब असेल तर पाच.

आत्ता घालू का?
घाल.

ती तीन नंबरवरच गेली, मी सुचवलं नव्हतं.
मी बादलीपाशी बसून डोळे मिटले.
बूट बघायचे असतील तर असेच बघावेत.
किंचाळी, चेंडू, किंचाळी, भिंत,
उजवा बोलला, मग डावा, डावा पुन्हा,
फरफट कुठंच नाही. दोन पायांची पोरगी आहे ही.

दुपारी फडकं फिरवलं.
पुढच्या डाव्या कोपऱ्यात उगाच दोनदा.