पान बेचाळीस

मॉरिसच्या टी-पॉइंटला सकाळी सातपासून उभ्या आहोत.
डिसेंबर. ओठ फुटलेले, लाठी गार,
जॅकेटच्या आतल्या खिशात चार घड्या घातलेलं झेरॉक्स :
एम.ए. भाग दोन, सेमिस्टर तीन, राज्यशास्त्र.
पान बेचाळीस नाही. झेरॉक्सवाल्यानं खाल्लं.

ठाण्यात हसतात.
हवालदार डोंगरवार म्हणतात, काहून वं,
या वयात कोणाचं सरकार पाडाचं हाय तुले?
पाडाचं नाही साहेब, म्हटलं,
ते उभं कशावर हाय, तेवढं पाहाचं हाय.

पुस्तकात लिहिलंय : ठरावीक भूभागात
बळाच्या कायदेशीर वापराची मक्तेदारी
जिच्याकडे, ती राज्यसंस्था.
मी तीनदा वाचलं.
भूभाग म्हणजे हा चौक, बंद पानठेल्यापासून विजेच्या डीपीपर्यंत.
बळ म्हणजे ही काठी,
मुठीपाशी सुतळी गुंडाळलेली, घामानं निसटू नये म्हणून.
मक्तेदारी मात्र जमेना.
माझ्या घरचं गॅसचं कार्डसुद्धा
नवऱ्याच्या नावावर आहे.

अकराला कोतवाल येऊन गेले, साडेबाराला आशाताई.
तीनचा मोर्चा कागदावर :
तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, अंदाजे चारशे.
होते दीडशे. मोजायची सवय असते आम्हाला.

पहिल्या रांगेत लिल्हारे मॅडम.

नोकरी करणाऱ्या आम्हा सातजणांसाठी
रविवारी गोंदियाहून येतात,
जादा तास घेतात. त्याचे पैसे नाहीत,
तो कुठल्या रजिस्टरातही नाही.
बॅनरची काठी धरलेला हात तोच,
फळ्यावर ‘अधिमान्यता’ लिहिताना
‘धि’ची वेलांटी जरा लांब ओढणारा.

त्यांनी आधी माझी नेमप्लेट वाचली, मग चेहरा.
वर्गात उलटं असतं.

गर्दीनं रेटत त्यांना बॅरिकेडपर्यंत आणलं.
लोखंड दोन्ही बाजूंनी सारखंच गार.
दोन घोषणांच्या मधल्या जागेत वाकून म्हणाल्या,
“चौथं युनिट झालं का?”
“पान बेचाळीस नाही, मॅडम.”
मागून कोणी ओरडलं, समान काम!
त्यांनी हात वर केला, समान वेतन!
आणि हात खाली येता येता
पान बेचाळीस सांगायला लागल्या.

दर वेळी बळ वापरावं लागतं ते राज्य कच्चं, बरं का.
माणसं आपणहून थांबतात, कारण त्यांना वाटतं,
थांबवणाऱ्याला तसा अधिकार –
समान वेतन!
– अधिकार आहे. हे वाटणं संपलं की
उरते नुसती काठी. दोन मुद्दे लिहा,
आणि उदाहरण द्या, उदाहरणाला चार गुण असतात.

माझ्या काठीकडे त्यांनी पाहिलं नाही.
मीही ती मागे घेतली नाही.

वॉकीटॉकी खरखरला : लाइन टाइट ठेवा.
मी पाय रोवले.
त्या अर्धं पाऊल मागे सरल्या.
कोणी ढकललं नव्हतं.
का सरल्या, ते मी विचारलं नाही,
रविवारीही नाही.

पाचला पाचजणांचं शिष्टमंडळ आत जाऊन आलं.
पोचपावतीवर जांभळा शिक्का होता,
तो सगळ्यांनी मोबाइलमध्ये काढून घेतला.
मॅडम पोह्याच्या गाडीवर उभ्या, तर्री कमी घाल म्हणत,
सुटे मोजत, घड्याळ बघत.
त्यांना संध्याकाळची गाडी, मला रात्री नऊपर्यंत चौक.

जानेवारीत पेपर.
प्रश्न दुसरा : अधिमान्यता ही संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करा. गुण सोळा.
व्याख्या लिहिली. दोन मुद्दे लिहिले,
बेचाळिसाव्या पानावरचे, तोंडपाठ.
उदाहरणापाशी पेन थांबलं.
बराच वेळ थांबलं.
पर्यवेक्षक म्हणाले, शेवटची दहा मिनिटं.

मग इंग्लंडचा राजा लिहिला.
नऊ मिळाले.