काना

ससूनच्या वॉर्डात खाट नंबर एकोणीस,
खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर मी,
महिला पोलीस नाईक,
मांडीवर पॅड, पॅडवर कार्बन घालून तीन कागद.
ती पळून जाऊ नये म्हणून मला बसवलंय.
तिला तर मोरीपर्यंत जायलाही
माझाच खांदा लागतो.

पद्मिन रोकडे, वय एकोणतीस, राहणार केशवनगर, मुंढवा,
धंदा : मगरपट्ट्यात चार घरची भांडी,
समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की

इथपर्यंत हात आपोआप चालतो.
अठरा वर्षं चालतोय.

पाळी आधीपासूनच वेडीवाकडी, कळलंच उशिरा.
कळलं तेव्हा नवरा चाकणहून यायचा थांबला होता.
एकविसाव्या आठवड्यात केसपेपर काढला,
आधार कार्डावर गाव परळीकडचं, म्हणून परत.
तेविसाव्यात डॉक्टरबाई रजेवर.
पंचविसाव्यात कोणीतरी म्हणालं, आता बोर्डापुढे जा,
बोर्ड बसतं मंगळवारी,
आणि तो मंगळवार नेमका सुट्टीचा निघाला.
सव्विसाव्यात हडपसरच्या एका बोळात
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गोळ्या, अठराशे रुपये,
त्यातले पाचशे एका मॅडमकडून उचल.
"मॅडमचं नाव नका लिहू."
नाही लिहिलं.

आणि रात्री दोनच्या सुमारास, पत्र्याच्या खोलीत

इथे पेन थांबलं.
गर्भ पडला, की गर्भ पाडला?
पडला तर दवाखाना, पाडला तर कोर्ट.
एका कान्याचा फरक.
काना म्हणजे तरी काय,
एक उभी रेघ,
कोठडीच्या गजासारखी.

साहेबांनी काल कलम वाचून दाखवलं.
खाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण :
स्वतःच स्वतःचा करणारी बाईसुद्धा यात आली.
त्यात एक शब्द होता, स्पंदितगर्भा.
जिच्या पोटात हालचाल लागली आहे, ती.
इतका देखणा शब्द मी खात्यात कधी ऐकला नव्हता.
सात वर्षांपर्यंत, साहेब म्हणाले.

मी काही तिची वकील नाही.
पंचनाम्याला मीच होते.
पिवळ्या टॉवेलातलं ते मी पाहिलंय.
नखं होती.
नखं होती, हे मी घरी सांगितलेलं नाही.
"पुरुष जातीचे अर्भक" असं लिहून
लाखेचं सील याच हातांनी लावलं.
त्याच्यासाठी कोणी रडलं असेल तर हीच,
आणि ते कुठल्या पुराव्यात बसत नाही.

आज तिसरा दिवस. तिला दूध आलंय.
गाऊन दोन्हीकडून ओला.
शरीरापर्यंत समन्स अजून पोचलेलं नाही.
सिस्टरनं पट्टा आवळून बांधला,
ती भिंतीकडे बघत राहिली,
मी कागदाकडे.

मी लिहिलं, पडला.

जबाब वाचून दाखवायचा असतो.
ती म्हणाली, द्या, चौथी झालीय माझी.
बोट ठेवून वाचत गेली, ओठ हलवत,
आणि बोट तिथेच थांबलं.
"पडला लिवलंय तुमी."
"हो."
"पडला बी, बाई. आन् पाडला बी.
दोनी लिवा की."

दोन्हींना मिळून एक शब्द
मी आठवून पाहिला. प्रामाणिकपणे.
वॉर्डातला पंखा कटकट करत फिरत होता.
शेवटी म्हटलं, सही करा.
पद्मिनमधला द्म लिहायला तिला बराच वेळ लागला.

संध्याकाळी बंडगार्डनला कागद दिले.
साहेबांनी चहा बाजूला सारला, चष्मा लावला.
"नाईकबाई, शुद्धलेखन कच्चं आहे तुमचं,"
असं म्हणून हसत
प ला काना दिला.

कार्बन मी आधीच काढला होता.
खालच्या दोन प्रतींवर
तो अजून पडलेलाच आहे.