साडेचारशे

मानपाड्याच्या त्या नव्या टॉवरला, बावन्नाव्या मजल्यावर
काचेचा सज्जा केलाय, शहर बघायला. तिकीट साडेचारशे.
ज्येष्ठांना पन्नास कमी, पण आधारकार्ड दाखवायचं,
म्हणजे आधी म्हातारपण कबूल करायचं, मग वर जायचं.

महिनाभर मी विचारत होते, जावं का?
नणंदबाई म्हणाल्या, खाडी दिसते, चिखलासकट.
चौथ्या मजल्यावरचा अद्वय म्हणाला, वर वायफाय फुकट आहे.
कुंदा गुप्ते जाऊन आलेली, पण तिचं सगळं मत कॉफीबद्दल.
ह्यांनी पेपर खाली न ठेवताच हिशोब मांडला:
येऊरला चढलं तर हेच ठाणं फुकटात दिसतं,
मामा-भाच्याच्या डोंगरावरून तर वाऱ्यासकट,
आणि साडेचारशेत जवळजवळ चार किलो आंबेमोहोर येतो.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
त्या सज्ज्यातली माणसं आमच्याकडे बघतात.
संध्याकाळी कणीक मळताना मान वर करावी
तर काचेमागे ठिपके हलतायत, मोबाइल लुकलुकतायत.
कधी मी पदर सारखा केला,
कधी उगाच पातेलं जोरात आपटलं, ऐकू जाणार असल्यासारखं.
एकदा तर हात हलवला, कणकेने बरबटलेला.
तेवीस वर्षं ज्या ओट्याशी उभी आहे
तो तिथून केवढा दिसतो,
एवढंच बघायचं होतं.

मंगळवारी गेले. ह्यांना सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे.
निघताना गॅलरीच्या कठड्यावर लाल गोधडी टाकली,
वाळत घातल्यासारखी. खूण.
खिडकीवरच्या मुलीला आधारकार्ड दाखवलं नाही,
साडेचारशे पूर्ण मोजले.

लिफ्टमध्ये कान बंद झाले. वर एक पोरगा
सगळ्यांना दाखवत होता: ती खाडी, तो मुंब्र्याचा डोंगर,
त्या धुरकटात कल्याण. लोक हो हो म्हणत होते
आणि न दिसलेल्या कल्याणचे फोटो काढत होते.
मी इमारती मोजत होते.
सगळ्यांच्या डोक्यावर त्याच काळ्या टाक्या, तीच निळी ताडपत्री.
वरून सोसायटीचं नाव दिसत नाही.
दवाखान्याला लागून, पिंपळासमोर,
आयुष्यभर सांगितलेला पत्ता
तिथे काही उपयोगाचा नव्हता.
आणि लाल काही म्हणता काही दिसेना.

दुर्बिणीत दहाचं नाणं घातलं. कुणाच्या तरी कुंड्या दिसल्या.
दुसरं घातलं. एक कबुतर, भलं मोठं.
तिसऱ्याला आमची गॅलरी सापडली.
ओटा नाही दिसला. खिडकीत नुसता अंधार.
गोधडीही कठड्यावर नव्हती.
ती ह्यांच्या हातात होती.

वाळली समजून काढली असणार. एकटेच घडी घालत होते.
टोकाला टोक लावायचं, तेवढ्यात मधला भाग जमिनीला टेकायचा.
मग एक कड हनुवटीखाली धरून बघितली.
मग हात पसरून, उभ्या उभ्या, जणू कुणी पुढे येऊन
समोरची टोकं धरणार आहे.
छत्तीस वर्षांत ती टोकं माझ्याकडे असायची,
त्यामुळे हे मी कधी पाहिलंच नव्हतं.
कधीतरी जमली घडी. वाकडी, पण जमली.
तिच्यावरून त्यांनी हात फिरवला,
कुणी बघितलं तर नाही ना म्हणून डावीउजवीकडे पाहिलं,
वर मात्र पाहिलं नाही.
आत गेले. आणि दुर्बिणीची झडप खटकन मिटली.
चौथं नाणं नव्हतं.

घरी आले तर पेपरामागून आवाज: काय म्हणाला डॉक्टर?
म्हटलं, एक हलतोय, पण राहील म्हणाला.
गोधडी पलंगाच्या पायथ्याशी होती.
मी ती उलगडून नीट केली नाही.

आता बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात, जावं का हो?
मी सांगते, ढगाळ असेल तर नको.
सुटी नाणी न्या, चार तरी.
कॉफी घेऊ नका.