हातचे

ओउलुमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर तुइया हेइकुरा
एका इन्सुलिन पंपाच्या पोटातला प्रोग्रॅम वाचते आहे.
चिप नखाएवढी, तिच्यातही दोन खोल्या:
आतल्या खोलीत मात्रेचा हिशेब आणि किल्ली,
बाहेरच्या खोलीत बटणं, पडदा, रेडिओ,
सगळा राबता.

बाहेरून हाक आली की आतल्याला उठावंच लागतं,
रेडिओ थांबत नाही कुणासाठी.
पण उठण्याआधी तो
बेरजेतले हातचे, किल्लीचे अर्धे तुकडे
आतल्या चळतीत रचतो,
वर खुणेचा एक आकडा ठेवतो
(परतल्यावर तोच सापडला तर ठीक, नाहीतर सगळं बंद)
आणि हात शून्य करून मगच दार उघडतो.
बाहेरच्याला ताकास तूर लागत नाही.
परतीचा पत्तासुद्धा मिळत नाही त्याला,
मिळतो एक बिल्ला.
काम झालं की तो दाखवायचा,
कुठे परतलो ते विचारायचं नाही.

तरी तीन आठवडे कुठेतरी गळत होतं.
कॉफीच्या यंत्रापाशी यार्नो म्हणाला,
"पूर्णांक पुसतेस. अपूर्णांकांचं काय?"
खरंच. दशांशांच्या रजिस्टरांत
शून्य पूर्णांक पंचेचाळीस युनिट
तसंच पडून होतं,
उठून गेलेल्या माणसाची खुर्चीत ऊब राहावी तसं.
बाहेरची खोली रोज ते वाचत होती.
दुरुस्ती झाली अकरा ओळींची.

बाबा सरहद्दीवर होते, एकतीस वर्षं.
लाकडी चौकीच्या दारावर टकटक झाली
की नकाशा पालथा, पेन्सिल खिशात,
आणि चेहरा. चेहरासुद्धा.
आई म्हणायची, या माणसाला हाक मारली
की तो आधी पुसला जातो, मग वळतो.
त्यांच्याकडूनही थोडं गळायचंच:
डाव्या हाताचं बोट टेबलावर ठोके देत राहायचं.
तुइयाने ते कधी कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी कुह्मो. वृद्धाश्रमाची नऊ नंबरची खोली.
ओइवा हेइकुरा, वय चौऱ्याऐंशी,
ओळखतात तेव्हा ओळखतात.
तिने टकटक केली.
आतून कागद पालथा झाल्याचा आवाज.
"कोण?"
"तुइया."
चेहऱ्यावर शून्य.

तिने जॅकेट काढलं, बुटांवरचा बर्फ झटकला,
खिडकीतल्या रोपाला पाणी घातलं,
हवेबद्दल दोन वाक्यं बोलली, उणे एकोणीस वगैरे.
विचारलं काहीच नाही.

मग त्यांनीच कागद उलटला.
शब्दकोडं. सातवं आडवं,
पाचांतली तीन अक्षरं भरलेली.
पेन्सिल नेमकी चौथ्या चौकटीवर टेकली,
जणू दारावर कुणी आलंच नव्हतं.

आणि डावं बोट टेबलावर:
एक, दोन. एक.