म्हसोबाला बांधलेला तंबू

सांडू भोयानं आम्हाला उतरवलं तेव्हा ऊन कलतं होतं.
थर्मोकोलचा तराफा, वर बारदान,
आणि वल्ह्याच्या जागी पत्र्याचं ताट.
"उद्या येतो सकाळच्याला," म्हणाला,
"वारं पडलं तर."
नाही पडलं तर काय, हे उत्रेश्वरनं विचारलं नाही.
मीही नाही.
हल्ली आम्ही विचारत नाही.

नाथसागराच्या फुगवट्यातलं बेट.
बेट कसलं, बुडालेल्या शिवाराचा माथा:
पूर्वेला वाकलेल्या चार बाभळी,
शेंदराचा एक दगड,
कुणाची तरी राहिलेली चप्पल, डाव्या पायाची.

तंबू गुलमंडीवरून आणलेला.
पिशवीवर बर्फाच्या डोंगराचं चित्र, आत आठ खुंट्या.
पण गाळाला हात हात भेगा,
खुंटी ठोकली की ढेकूळच उपटून यायचं.
वारं पाण्यावरून सरळ येत होतं,
मध्ये त्याला अडवायला काही नाही.
तंबू उठला, पोट फुगलेल्या म्हशीसारखा चालायला लागला.
उत्रेश्वर त्याच्यामागं धावला.
किती वर्षांनी त्याला धावताना पाहिलं!
मला हसू आलं.
वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसावं.

"देवाला बांधू का?" तो ओरडला.
"विचारून बांधा!"
त्यानं खरंच विचारलं. ओठ हलताना दिसले.
नारळ नव्हता, भाकरीचा चतकोर ठेवला,
तो वाऱ्यानं उचलून पाण्यात टाकला.
आता हा कौल उजवा की डावा, कोण सांगणार.
दगडाला दोन वेढे, बैलाच्या दाव्याची गाठ.
एक कोपरा टिकला.
दुसऱ्यावर पाण्याचा कॅन.
उरलेल्या दोन कोपऱ्यांवर
आम्ही दोघं.

जे बोलायला आलो होतो
ते घरात बोलता येत नव्हतं.
पलीकडच्या खोलीत दीर, भिंत चार इंचांची.
इथं ऐकायला कोणी नाही,
पण इथं प्रत्येक शब्द ओरडावा लागत होता.
'मला आता वेगळं राहायचंय'
हे ओरडून म्हणून पाहा एकदा.
गिरणीतून दळण आणा म्हटल्यासारखं वाटतं.
मी तोंड उघडलं,
आत माती गेली.

मग रात्रभर एवढंच:
"धर!"
"धरलंय!"
"तुझ्याकडून उठतंय, पाय दे, पाय!"
बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला एकेरीत हाक मारली.
'अहो'ला वेळच नव्हता.
त्यानं ते ध्यानात घेतलं की नाही,
कळलं नाही. अंधार होता.

पहाटे समोरच्या चिखलावर पट्टकादंब दिसले,
शंभर तरी असतील,
सगळ्यांच्या चोची वाऱ्याकडं.
"पाठ केली की वारं पिसांत शिरतं,"
उत्रेश्वर माझ्या कानाशी येऊन म्हणाला.
कानाशी, कारण लांबून ऐकू आलं नसतं.

वारं पडलं नाही. सांडू आला नाही.
दिवसभर भाकरी, ठेचा, ओठांवर रेती.
संध्याकाळी एकदम,
कुणी दार लावून घ्यावं तसं,
सगळं थांबलं.
स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला
तशी मला भीती वाटली.

"काल काय म्हणत होतीस?"
तो गाठ सोडत होता. ती आवळून दगड झाली होती.
त्याचे तळवे शेंदरानं भगवे.
मी म्हटलं. साध्या आवाजात, एकदाच.
त्यानं मान हलवली,
आणि दातानं गाठ धरली.

दूर पाण्यावर ताट वाजलं, चप चप.
सांडूनं आधी दगडाकडं पाहिलं.
"देवाला बांधलं काहून?"
"दुसरं काही नव्हतं."
"बरं केलं. पहिले लोक इथं म्हसरंच बांधू राहिले ना."

तराफ्यावर त्यानं आम्हाला दोन टोकांना बसवलं.
"मधी नका बसू. उलटतंय."
आम्ही बसलो, टोकांना.
आठ खुंट्या नेल्या होत्या.
मी मोजल्या, पाच होत्या.
त्यानं मोजल्या, सहा.