डाग

डंडीत एकाच रस्त्यावर दोन मैदानं,
मध्ये एफी रॅट्रेचं धुलाईघर.
सोमवारी दोन्ही क्लबांची पोती येतात.
एफी सामना पाहत नाही. डाग पाहते.

व्हेरहूफच्या पोरांचे गुडघे हिरवे,
पाठीवर मिठाचे नकाशे,
गोलकीपरच्या मोज्यातसुद्धा मध्यरेषेचा खडू.
चेंडू गेला की लगेच अंगावर धावून जायचं,
श्वास कुणालाच घेऊ द्यायचा नाही.

लेनक्सचं पोतं जड.
दोन सेंटरबॅक म्हणजे नुसता चिखल,
स्ट्रायकरच्या जर्सीची घडीही न मोडलेली.
"एक-शून्य," ती म्हणते. बहुधा तेच असतं.

नवरा खालच्या क्लबाचा. कुरकुरतो,
"तो डच आमच्याकडे हवा होता.
लेनक्स जाऊ दे वर, बसू दे दार लावून."
एफी साबण मोजते.
"वरची पोरं विशीतली, दार लावलंस तर सडतील.
आणि तुमचा लेफ्ट-बॅक छत्तीसचा,
डाव्या मोज्यात दर आठवड्याला रक्त.
अंथरूण बघ की जरा, डगल."

मार्चमध्ये दोघे एकमेकांशी खेळले.
सोमवारी वरच्यांच्या पोत्यात चिखल,
खालच्यांचे गुडघे हिरवे.
तिनं चिठ्ठ्या दोनदा तपासल्या.
रात्रभर जागून दोघांनीही
दुसऱ्याचाच सामना आखला होता.

"शून्य-शून्य," डगल दारातून म्हणाला,
"पण काय पळाले आमचे!"

तळाशी लेफ्ट-बॅकचा डावा मोजा.
पांढराशुभ्र.
तिनं तो तरीही धुतला.