डाव्या पायाचं माप

मी फक्त डावा बूट करतो.
उजव्या पायाशी माझं घेणंदेणं नाही.
या गाड्यांना ब्रेक नसतो, वळायचं ते डावीकडेच,
आणि वळणावर अख्खा माणूस तोललेला असतो
मी ठोकून दिलेल्या पोलादी तळव्यावर.

स्तारा हुतात एकतीस वर्षं हेच चाललंय.
कारखाना होता तेव्हा ट्रॅकवर त्याच्याच भट्टीचा खंगर पसरायचा.
आता लाल खडी येते, ट्रकने, सहाशे किलोमीटरवरून.
चांगली असते. धूळ कमी उडते.
फक्त खोकताना वाटतं, हा खोकला आपला नाही.

आस्गर थोरुप शुक्रवारी विमानाने येतो, रविवारी रात्री जातो.
आमच्या भाषेतले दोन शब्द त्याला येतात :
नमस्कार, आणि ओलं.
(ट्रॅक ओला आहे की नाही, एवढंच त्याला विचारायचं असतं.)
पाच शर्यती, पंधरा गुण.
त्याच्या नावाचे मफलर जुलैतही विकले जातात.
क्लबच्या अध्यक्ष लुत्सिनाबाई हिशोब मांडतात :
पोर तयार व्हायला दहा वर्षं,
लीगमधून खाली पडायला एक मोसम.
खोटं बोलत नाहीत त्या.

विट कोशाल्का. बेकरीतल्या बाईचा.
नऊ वर्षांचा असताना आला, पाय चौतीस नंबरचा,
पिठाच्या पिशवीवर पाऊल ठेवलं आणि मी पेन्सिल फिरवली.
गुदगुल्या झाल्या त्याला.
दर मार्चमध्ये नवी पिशवी, नवी रेघ,
छत्तीस, अडतीस, एका वर्षी एकदम एक्केचाळीस.
इंजिन मात्र तिसऱ्या हाताचं, आधी कुणी वितळवलेलं.
पोरांची शर्यत असते दुसरी.
ती सुरू होते तेव्हा
स्टेडियम सॉसेजच्या रांगेत उभं असतं.

एका बुधवारी सरावात त्याने आस्गरला बाहेरून गाठलं,
कठड्याला खांदा घासत, शेवटच्या वळणावर.
बघायला ट्रॅक्टरवाला रेमिगिउश होता आणि मी.
रेमिगिउशने भोंगा वाजवला. एवढाच जल्लोष.
त्या संध्याकाळी आस्गर माझ्याकडे आला, तळवा चिरलेला.
स्टुलावर बसून मोजा काढला. अंगठा वाकडा.
हातवाऱ्यांनी सांगितलं,
त्याच्याही गावात एक म्हातारा होता बूट ठोकणारा.
ट्रॅक विकला गेला. आता तिथे गोदाम.
मी ठिणग्यांमागून मान हलवली.
त्याच्याकडून पैसे घेतले, पूर्ण.

पिकतं तिथं विकत नाही, हे मला नवं नाही.
तरी एप्रिलमध्ये विट सांगायला आला तेव्हा
हातातली कानस मी दोनदा खाली ठेवली.
स्वीडनमध्ये, जंगलाकाठच्या कुठल्याशा गावात,
दर मंगळवारी.
त्याच्या नावाचे मफलर छापलेत त्यांनी,
एक अक्षर चुकलंय. त्याला चालतं.

आता मंगळवारी मी दुकान लवकर बंद करत नाही.
तिथेही असेल कुणीतरी, चष्मा कपाळावर,
ज्याच्या भिंतीला लटकतात एकाच पोराच्या पावलाचे कागद
लहान ते मोठे.
तो म्हणत असेल बायकोला,
हा परका येतो, गुण घेतो, जातो,
आणि आमचा पोरगा बघत बसतो कुंपणाला धरून.
मला त्याला काहीतरी सांगायचंय.
काय ते ठरत नाही.

कालच एक मुलगी आली, पाण्याच्या टाकीमागच्या छोट्या ट्रॅकवरची,
गुडघ्याला माती, नाव दोब्रावा.
तेहतीस, म्हणाली. बत्तीस निघाले.
पिशवी शोधायला गेलो तर बेकरीतून आता प्लास्टिकच्या येतात.
तिला म्हटलं, थांब,
आणि विटच्या पहिल्या रेघेची पिशवी उलटी करून
तिच्या पायाखाली घातली.